वल्ह्यांत घातलेले शब्द

दिनोराला लहानपणी वाटायचं, सेउ ओतासिलिओंना सगळ्या नदीच्या मनातलं कळतं. नदीवर मोठ्या पुरुषाला मानानं सेउ म्हणतात, बाईला दोना.

दुपारचं जेवण उरकलं की तिची आई, दोना अल्झिरा, रेडिओ खिडकीत आणून ठेवायची. बोआ सोर्तीच्या वस्तीतलं खांबांवरचं घर, खाली पाणी, हाकेच्या अंतरावर एकच दुसरं घर. साव लाझारो गावच्या केंद्रावरून संदेश सुरू व्हायचे. 'तापेराच्या दोना इरासीसाठी. तुमचा मुलगा कामाला लागला. कामाला लागला.' 'बोआ सोर्तीच्या सगळ्यांसाठी. डॉक्टरांची बोट सोमवारी येईल. सोमवारी.' संदेश वाचताना सेउ ओतासिलिओ काही शब्द दोनदा वाचायचे. बॅटरी उतरलेली असो, आभाळ गडगडत असो, नेमके तेच शब्द कानावर पडायचे.

"त्यांना कसं कळतं गं, काय दोनदा वाचायचं ते?" दिनोरा विचारायची.

"शहाणा माणूस आहे," आई म्हणायची. "गप्प बस. ऐकू दे."

या उत्तरावर दिनोरा मोठी झाली. शाळेसाठी ती साव लाझारोला मावशीकडे राहिली, पण दर शुक्रवारी बोटीनं घरी यायची. तिला कधी संदेश पाठवावा लागला नाही. पुढे मनाउस शहरात शिकायला गेली, तेव्हा ती मावशीला फोन करायची आणि मावशी केंद्रावर जाऊन चिठ्ठी द्यायची. दिनोरा ऐकणाऱ्यांच्या बाजूची होती. हे तिच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

मनाउसमध्ये ती एका कंपनीत वेबसाइट बनवायला लागली. काम चांगलं होतं. पण वडील गेले, आणि आई नदी सोडायला तयार होईना.

"मनाउसमध्ये मी काय करू? भिंती बघत बसू?"

मग दिनोराच परत आली. बोआ सोर्तीला फोन लागत नाही, इंटरनेट तर नाहीच. म्हणून ती साव लाझारोला खोली घेऊन राहिली. मनाउसच्या दुकानांची कामं तिथूनच करायची. रविवारी आईकडे जायची. दिनोरा म्हणजे मऊ बोलणारी, अंग चोरून चालणारी बाई. चार माणसांत तिचा आवाज तिलाच ऐकू येत नसे.

रेडिओ केंद्र दोना मिर्तेस चालवायच्या. त्यांचा आवाज धक्क्यापर्यंत जायचा.

"पोरी, मनाउसहून लोक मला फोन करून संदेश सांगतात. मी लिहून घेते आणि मग माझंच अक्षर मला लागत नाही. परवा मी बाळंत बाईला मुलगा झाला म्हणून लिहिलं. मुलगी होती. त्यांनी झबलं निळं शिवलं! तू इंटरनेटवर एखादं पान बनव ना. ज्याचं त्यानं लिहू दे."

दिनोरानं बनवलं. कुणीही, कुठूनही संदेश लिहायचा. तो सेउ ओतासिलिओंच्या समोरच्या पडद्यावर येणार आणि ते वाचणार. सेउ ओतासिलिओंची एकच अट होती. वाचून झालेला संदेश त्याच दिवशी पानावरून पुसायचा. मागमूस ठेवायचा नाही.

"कागदांचंही मी तेच करायचो," ते म्हणाले. "वाचला की चुलीत. एकदा जुनी चिठ्ठी चुकून पुन्हा वाचली, तर तीन घरं नटूनथटून लग्नाला गेली. लग्न होऊन नवरा पळून पण गेला होता."

दिनोरानं तसं केलं. लोकांचे संदेश ती स्वतः वाचत नसे. दुसऱ्याच्या घरचं कशाला. पान चालतंय ना, एवढं बघायची.

पान छान चालत होतं. मग एके दिवशी सबंध नदी बक्षीस जिंकली.

झालं असं. वेबपानाची एक गोम असते. त्यात मजकूर आणि हुकूम एकाच अंगणात नांदतात. शाळेत लहान-मोठं दाखवायला जी टोकदार खूण शिकवतात, तशा दोन खुणांच्या मध्ये हुकूम लिहिला, तर पान तो दाखवत नाही, पाळतं. अक्षर ठळक कर. चित्र लाव. वाचणाऱ्याला दुसरीकडे घेऊन जा. कुणा उपटसुंभानं संदेशाच्या पोटात असाच हुकूम दडवून पाठवला होता. सेउ ओतासिलिओंनी दुपारी पान उघडलं आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं आली.

ते पडद्यावर येईल ते वाचणारे. त्यांनी वाचलं.

"श्रोते हो, अभिनंदन. आपण नवा कोरा मोबाइल जिंकला आहात. बक्षीस मिळवण्यासाठी बटण दाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या धक्क्याला होड्याच होड्या. माणसं धुतलेले कपडे घालून आली होती. एका म्हातारीनं मोबाइल ठेवायला पिशवी शिवून आणली होती.

"आम्ही बटण दाबलं," एक जण तक्रारीच्या सुरात म्हणाला, "तर रेडिओच बंद पडला!"

"मग परत दाबायचं," मागून कुणीतरी म्हणालं. "मी दाबलं. गाणं लागलं."

दोना मिर्तेसनी सगळ्यांना कॉफी पाजली. आपल्या आवाजात समजावून सांगितलं. लोक हसले, थोडं बाजारहाट करून घरी गेले. म्हातारीनं पिशवीत कांदे नेले. पण दिनोराला कानकोंडं झालं. घरात येणाऱ्याचे खिसे तपासून घ्यायचे, हे तिला मनाउसमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. दुकानांच्या प्रत्येक पानावर ती ते करायची. आपल्या माणसांच्या पानावर तिला ते सुचलंच नव्हतं.

"एवढं काय," सेउ ओतासिलिओ म्हणाले. "माझ्या आवाजावर लोकांचा इतका विश्वास आहे, हे तरी कळलं."

त्या बोलण्यानं तिला आणखीच वाईट वाटलं. तिनं त्याच दिवशी बसून सफाई लिहिली. नियम साधा. टोकदार खूण दिसली, की तिथून जोडीच्या खुणेपर्यंतचं सगळं कापून टाकायचं. मग संदेश पडद्यावर जाऊ द्यायचा. तिला ठाऊक होते ते सगळे वाईट हुकूम तिनं लिहून पाहिले. एकही टिकला नाही. नंतर आईचं नाव आणि 'रविवारी येते' असा साधा संदेश लिहून पाहिला. तो जसाच्या तसा आला. ती समाधानानं झोपली.

त्यानंतर केंद्रावर लहान लहान कुरबुरी यायला लागल्या.

'औषध पाठवलं म्हणालात. कुणाबरोबर ते सांगितलंच नाही.'

'काकांना कुठल्या वॉर्डात ठेवलंय? आम्ही सगळा दवाखाना पालथा घातला.'

'मुलीला बाळ झालं म्हणालात. नाव काय ठेवलं, ते खाल्लंत वाटतं!'

सेउ ओतासिलिओ ऐकून घ्यायचे. वाचताना त्यांनाही काहीतरी खटकत होतं. संदेश पूर्वीसारखे वाटत नव्हते. त्यांत चढउतार नव्हता. दोनदा वाचावं असं काही येतच नव्हतं. लोकांनाच आता घाई झाली असेल, असं त्यांनी आधी मनाशी म्हटलं. कुरबुरी वाढल्या तेव्हा त्यांनी चष्मा बदलला. मग पडद्याच्या जवळ सरकून, ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. दिनोरानं एकदा काचेपलीकडून त्यांना तसं बसलेलं पाहिलं. शाळेतल्या मुलासारखं. तिला वाटलं, थकले बिचारे.

तेही तिला नंतर फार लागलं.

आमच्याकडे बोट प्रत्येक घरापाशी थांबत नाही. ती नदीच्या मधून जाते. ज्याला उतरायचं असतं, त्याच्या घरचं माणूस होडी घेऊन मधल्या धारेत येतं आणि दिवा दाखवतं. बोट वेग कमी करते. होडी तिच्या कुशीला चिकटते. आधी सामान, मग पोरं, मग बाई. चालत्या बोटीवरून. म्हणून कुठल्या दिवशी येणार, हे कळणं जिवाचं असतं.

तापेराच्या राउलिनोंची मुलगी जुसारा बाळंतपणासाठी मनाउसला गेली होती. तिचा संदेश मंगळवारी वाचला गेला. 'बाबा, मी बाळाला घेऊन येते. नदीत घ्यायला या.'

मनाउसहून येणारी बोट तापेरावरून बुधवारी जाते आणि शनिवारी जाते. आपली माणसं बहुतेक बुधवारच्या बोटीनं येतात, ती स्वस्त आहे. राउलिनो बुधवारी संध्याकाळी मधल्या धारेत जाऊन थांबले. बोट आली. त्यांनी दिवा हलवला. बोट न थांबता गेली. त्यांना वाटलं, दिवा दिसला नाही. पोरगी वर कठड्याशी उभी असेल, कडेवर बाळ असेल. त्यांनी मोटर पूर्ण वेगानं सोडली आणि बोटीचा पाठलाग केला. तेवढ्यात वारं सुटलं. बोटीच्या लाटा आणि वाऱ्याच्या लाटा एकमेकींत गुंतल्या आणि होडी उलटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोळ्यांना ते खूप खाली सापडले. वाहत्या ओंडक्याला धरून होते. हात इतके घट्ट बसले होते, की एकेक बोट सोडवावं लागलं.

साव लाझारोच्या दवाखान्यात ते शुद्धीवर आले. पहिलं वाक्य बोलले, "तो म्हातारा झोपेत वाचतो. त्यानं वार सांगितला नाही."

ते वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या नदीवर झालं.

शुक्रवारी सकाळी सेउ ओतासिलिओ केंद्रावर आले आणि त्यांनी स्टुडिओची किल्ली दोना मिर्तेसच्या टेबलावर ठेवली.

"हे काय नाटक?" दोना मिर्तेस म्हणाल्या.

"मी खूप आठवून पाहिलं. वार होता की नव्हता, मला आठवत नाही. म्हणजे असणार. कुठली मुलगी वार न लिहिता नदीत बोलावेल?"

"अहो, एखाद वेळी..."

"एखाद वेळी नाही. बरेच दिवस शब्द गळताहेत. एक माणूस मरता मरता वाचला, मिर्तेस. पुढचा वाचणार नाही. गाणी लावा. गाण्यानं कुणी बुडत नाही."

दोना मिर्तेसना काही बोलता आलं नाही. ही गोष्ट आजही लोक सांगतात. त्या दिवशी दुपारी संदेशांच्या वेळेला गाणी लागली. बोआ सोर्तीला दोना अल्झिरा खिडकीत बसून होती. तिनं रेडिओला दोन थापटा मारल्या.

शनिवारी दिनोरा केंद्रावर होती. दोना मिर्तेसनी तिला गाण्यांची सोय लावून द्यायला बोलावलं होतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि एक तरुण बाई आत आली. कडेवर चिमुकलं बाळ, हातात बोचकं, डोळे रडून लाल. ती जुसारा होती. तापेरापाशी तिला घ्यायला कुणी आलं नव्हतं. बोट तिला तशीच साव लाझारोपर्यंत घेऊन आली होती, आणि धक्क्यावर उतरताच लोकांनी तिला सगळं सांगितलं होतं.

"कुठाय तो म्हातारा?"

"बस आधी," दोना मिर्तेस म्हणाल्या. "बाळाला माझ्याकडे दे. वडील बरे आहेत. सूप पितात आणि शिव्या देतात."

"मी बसायला नाही आले. मी स्वच्छ लिहिलं होतं. शनिवारच्या बोटीनं. वर ते वल्ह्यांत पण घातलं होतं!"

दिनोरानं मान वर केली.

"कशात घातलं होतं?"

"वल्ह्यांत."

"म्हणजे?"

जुसारानं तिच्याकडे पाहिलं. या बाईला वेड लागलंय की काय, अशा नजरेनं.

"तुम्ही कुठल्या?"

"बोआ सोर्तीची."

"आणि वल्ही माहीत नाहीत?"

टेबलावर कंदाच्या पिठाचं भांडं होतं, आणि त्यातलं थोडं सांडलं होतं. जुसारानं त्या पिठात बोटानं एक टोकदार खूण काढली. मग थोडी जागा सोडून तिच्यासमोर तोंड केलेली दुसरी. दोन्ही बाजूंनी पाण्यात घातलेल्या वल्ह्यांसारखी.

"हे. जे दोनदा वाचायचं ते यात घालायचं. आणि वल्ह्याच्या आत बोटभर जागा सोडायची, नाहीतर सेउ ओतासिलिओ रागावतात. पाण्यात फिरायला वल्ह्याला जागा हवी म्हणे. पोराटोरांना माहीत आहे हे!"



दिनोरानं समोरचं पान उघडलं. आईचं नाव लिहिलं. 'मी येते' लिहिलं. आणि वल्ह्यांत, बोटभर जागा सोडून, 'रविवारी' लिहिलं.

पडद्यावर आलं, 'आई, मी येते.'

तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच आलं.

टोकाला अक्षर चिकटलेलं नसेल, तर पान त्याला हुकूम मानत नाही. नुसती अक्षरं म्हणून दाखवतं. म्हणून सफाई लिहिण्याआधी वल्ही सुखरूप येत होती. दिनोराच्या कात्रीला मात्र ती बोटभर जागा दिसत नव्हती. खूण दिसली की ती कापत होती. सगळे आठवडे. नदीवरच्या प्रत्येक घरातला नेमका तोच शब्द, जो पोचला नाही तर बाकीचा संदेश कुचकामी. आणि तो परत मिळायची सोय नव्हती. पानावर यायच्या आधीच तो कापला जात होता, आणि संध्याकाळी उरलेलंही पुसलं जात होतं.

"काय झालं?" दोना मिर्तेसनी विचारलं. त्यांच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं.

"मी केलं," दिनोरा म्हणाली.

"मोठ्यानं बोल गं."

"सेउ ओतासिलिओंनी काही गाळलं नाही. मी गाळलं."

 जुसारानं बाळ परत घेतलं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"माझ्या वडिलांना तुम्ही स्वतः सांगा," ती म्हणाली.

दिनोरा तिच्याबरोबरच दवाखान्यात गेली. राउलिनोंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे हात पट्ट्यांत होते. हुकूम, पान, कात्री, यातलं त्यांना किती समजलं कोण जाणे. शेवटी म्हणाले, "म्हणजे तो जागा होता?"

"हो."

"अरेरे. मी सगळ्या वॉर्डाला सांगितलं." थोड्या वेळानं म्हणाले, "जा, त्याला सांग आधी. माझं नंतर बघू. माझी होडी गेली. त्याचं तोंड गेलंय."

सेउ ओतासिलिओ घराच्या पायरीवर बसून मासे साफ करत होते. नवा चष्मा कपाळावर होता. आत रेडिओ होता, पण बंद होता. दिनोरानं उभ्या उभ्या सांगितलं. ते हातातला मासा तसाच धरून ऐकत राहिले.

"म्हणजे वार मी गाळला नाही."

"नाही."

"बाळाचं नाव?"

"नाही."

"तो दवाखान्याचा वॉर्ड?"

"तोही नाही. तुम्ही समोर होतं ते सगळं वाचलंत."

त्यांनी मासा खाली ठेवला. "म्हणजे मी म्हातारा झालो नाही."

"झालात," दिनोरा म्हणाली. "पण त्यानं काही बिघडलं नाही."

ते हसले नाहीत. मग एकदम हसले. मग चष्मा काढून पायरीवर ठेवला.

"हा मला नाकावर टोचतो. पहिल्या दिवसापासून." मग त्यांनी विचारलं, "तू अल्झिराची ना? तुमच्या घरी रेडिओ नव्हता का गं?"

"होता. रोज ऐकायचो. म्हणूनच." तिचा आवाज नेहमीसारखा खाली गेला. "ऐकणाऱ्याला वल्ही दिसत नाहीत. मला वाटायचं, काय महत्त्वाचं ते तुम्हालाच कळतं."

सेउ ओतासिलिओंनी खाली ठेवलेला मासा परत हातात घेतला.

"मलाही तसंच वाटायचं," ते म्हणाले. "सुरुवातीला. वल्ही नव्हतीच तेव्हा. माझं मीच ठरवायचो. एकदा वरच्या अंगाच्या एका घरासाठी चिठ्ठी आली. आजी गेली, या, येताना पीठ आणा. मला वाटलं, ते पीठ विसरतील. लांबचा पल्ला, मधे दुकान नाही. मी 'पीठ आणा' दोनदा वाचलं. 'आजी गेली' एकदा. त्या वेळी वीज कडाडली असेल." ते थांबले. "पीठ पोचलं. शेजाऱ्याबरोबर पाठवलं त्यांनी. माणसं कुणी आली नाहीत. म्हातारीला पुरायला घरचं कुणी नव्हतं. तेव्हापासून मी ठरवायचं सोडलं. ज्याचं दुखतं त्यानंच सांगावं, कुठं दुखतं ते."



"उद्या या," दिनोरा म्हणाली. "पान दुरुस्त करते."

"मी कसा येऊ? लोकांना वाटतं मी झोपेत वाचतो. मीच माईकवर जाऊन सांगू, की मी जागा होतो? कोण ऐकेल? दारुडाही तेच सांगतो."

"मी सांगते."

"तू?" त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुझा आवाज मला इथं पायरीवर ऐकू येत नाही!"

"तरी सांगते."

तिनं सफाई नव्यानं लिहिली. या वेळी कापायचं काही नव्हतंच. येईल ते सगळं ठेवायचं. फक्त प्रत्येक टोकदार खुणेची ताकद काढून घ्यायची, म्हणजे ती नुसती खूण म्हणून दिसेल. वल्हं वल्ह्यासारखं दिसेल. हुकूम आला तर तोही दिसेल, उघडा पडलेला, कुणावर न चालणारा.

"म्हणजे चोराला घरात घ्यायचं?" दोना मिर्तेसनी विचारलं.

"त्याचा चाकू काढून घ्यायचा. मग बसू दे. आधी मी चाकूच्या भीतीनं सगळ्यांचेच हात कापत होते."

"आणि पुन्हा मोबाइल जिंकलो तर?"

"आता सोनेरी अक्षरं येणार नाहीत. नुसती वेडीवाकडी ओळ दिसेल. सेउ ओतासिलिओ ती वाचणार नाहीत."

"वाचतील. तू त्यांना ओळखत नाहीस."

दिनोरानं एक एक करून सगळं तपासलं. आधी वाईट हुकूम. ते मेलेल्या विंचवासारखे पडद्यावर पडून राहिले. मग वल्ही. जागा सोडून, जागा न सोडता, एकच वल्हं, उलटं वल्हं. नदीवरचा माणूस जे जे करील ते ते. शेवटी तिनं आईला एक साधा संदेश लिहिला. त्यात वल्ही घातली नाहीत. आपल्याला काय महत्त्वाचं आहे, ते तिला त्या क्षणी ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माईकसमोर बसली. शेजारी सेउ ओतासिलिओ, जुना चष्मा लावून. काचेपलीकडे दोना मिर्तेस दोन्ही हात वर करून खुणावत होत्या, मोठ्यानं, आणखी मोठ्यानं.

"मी बोआ सोर्तीच्या अल्झिराची मुलगी," दिनोरा म्हणाली. "संदेशांचं पान मी बनवलं. तुमच्या वल्ह्यांतले शब्द माझ्या चुकीनं गळाले. सेउ ओतासिलिओंच्या नाही. त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. तुम्हाला जमेल तर तेच संदेश परत पाठवा. उशीर झाला असला तरी पाठवा."

एवढंच.  सेउ ओतासिलिओंनी माईक स्वतःकडे ओढला.

पडद्यावर पहिला संदेश आला होता. दवाखान्यातून, जुसाराच्या मोबाइलवरून. वल्ही जागच्या जागी होती, आत बोटभर जागा सोडलेली. सेउ ओतासिलिओंनी घसा साफ केला.

"दवाखान्यातून तापेराच्या राउलिनोंचा. माझ्यासाठी आहे. 'ओतासिलिओ, माझी होडी गेली, जीव राहिला. तू जागा होतास असं ऐकलं. आता झोपू नकोस.'" ते थांबले.  "'आता झोपू नकोस.'"

काचेपलीकडे दोना मिर्तेस टेबलावर हात आपटून हसल्या. त्यांचं हसणं काच ओलांडून नदीवर गेलं असणार.

मग संदेश येत राहिले. मनाउसहून, गावातून, कुठून कुठून. शिळे संदेश. बाळांची नावं, ती आता सगळ्यांना ठाऊक झाली होती. गेल्या महिन्यातले वार. बरा होऊन घरी आलेल्या काकांचा वॉर्ड. लोकांना ते तरीही हवे होते, दोनदा वाचलेले. सेउ ओतासिलिओंनी सगळे वाचले. काही परत आले नाहीत. एका माणसानं नुसतं लिहिलं, आता उपयोग नाही. तोही त्यांनी वाचला. दिनोरा खुर्चीतून उठली नाही.

शेवटी पडद्यावर तिचाच संदेश राहिला. आदल्या दिवशी तपासताना लिहिलेला. तो पुसायचं ती विसरली होती. ती हात पुढे करणार, तोवर सेउ ओतासिलिओ वाचायला लागले होते.

"बोआ सोर्तीच्या दोना अल्झिरासाठी. 'आई, या रविवारी येता येणार नाही. पुढच्या रविवारी येते. पीठ एकटीनं भाजू नकोस. दोघी मिळून भाजू.'"

संदेश संपला. वल्ही कुठंच नव्हती. दोनदा वाचायला काही नव्हतं. ते थांबले. त्यांनी दिनोराकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. स्वतःचा नियम त्यांनी इतकी वर्षं मोडला नव्हता.

"दोघी मिळून," ते म्हणाले.

आणि माईक बंद केला.

पुढच्या रविवारी दिनोरा होडीतून उतरली तेव्हा आई पीठ भाजायच्या मोठ्या कढईपाशी बसली होती. खाली लाकडं रचलेली होती, पण पेटवलेली नव्हती.

"तू रेडिओवर बोललीस म्हणे," आई म्हणाली. "मला धड ऐकू आलं नाही. किती हळू बोलतेस गं! पण हे नीट ऐकू आलं. दोनदा वाचलं त्यांनी."

तिनं दुसरं उलथनं दिनोराच्या हातात दिलं आणि काडी ओढली.